‘सिमरॉन’चे दोन निकाल

चित्रपटाचा निवाडा करणारी दोन न्यायासने आधुनिक जगाने मान्य केली आहेत. एक समीक्षकाच्या स्तंभात भरते, दुसरे तिकीटखिडकीपाशी. आणि या दोहोंचा कौल जुळला की आता अपिलाची वाट उरली नाही असे समजून आपण दप्तर बांधून ठेवतो. मेट्रो-गोल्डविन-मायर या कंपनीने १९६०च्या डिसेंबरात प्रदर्शित केलेल्या ‘सिमरॉन’ या चित्रपटाचे असेच झाले. एड्ना फर्बर या लेखिकेच्या कादंबरीवर १९३१ साली निघालेल्या आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळवलेल्या त्याच नावाच्या चित्रपटाची ही रंगीत, सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यावरची, जवळजवळ अडीच तासांची नवी आवृत्ती होती. समीक्षकांनी नाक मुरडले, प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि कंपनीच्या खतावणीत या एका चित्रपटाच्या नावे ३६ लक्ष १८ हजार डॉलरांची तूट नोंदली गेली. फसलेल्या पुनर्निर्मितींची यादी कोणी करू लागला की हे नाव तीत जवळजवळ आपोआप येऊन बसते.

या निकालाविरुद्ध चित्रपटाची वकिली करण्याचा माझा इरादा नाही. निकाल बहुतांशी बरोबरच आहे. माझी तक्रार निकालपत्रातील कारणांविषयी आहे. समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी या चित्रपटातील घोड्यांची शर्यत तपासली, पडद्याची रुंदी तपासली, नव्या नटांची जुन्या नटांशी ताडणी केली. परंतु ज्या एका विवाहाच्या तपासणीसाठी मूळ कादंबरी लिहिली गेली होती तो विवाह १९३१ सालीही कोणी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा केला नाही आणि १९६० सालीही नाही. पहिल्या खेपेस याच दुर्लक्षामुळे एका मध्यम प्रतीच्या चित्रपटाला गौरव लाभला. दुसऱ्या खेपेस याच दुर्लक्षामुळे एका सदोष, पण काही ठिकाणी पहिल्याहून धीट असलेल्या चित्रपटाची निर्भर्त्सना झाली.

कथेची भूमी समजल्याखेरीज हे स्पष्ट होणार नाही. पुढे ज्याला ओक्लाहोमा राज्य म्हणून मान्यता मिळाली त्या प्रदेशातील, क्रीक आणि सेमिनोल या आदिवासी राष्ट्रांकडून अमेरिकन सरकारने खरेदी करून घेतलेली सुमारे २० लक्ष एकर जमीन अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या जाहीरनाम्यान्वये २२ एप्रिल १८८९ रोजी वसाहतीस खुली झाली. जमीन लिलावाने द्यायची नव्हती, अर्ज मागवून द्यायची नव्हती; ठरल्या दिवशी दुपारी बारा वाजता हद्दीवर इशारा व्हावा आणि जो आधी धावत जाऊन खुंट ठोकील त्याचा १६० एकरांवर कब्जा मानावा, असा हा अजब बंदोबस्त होता. सुमारे ५० हजार माणसे घोड्यांवरून, छपराच्या गाड्यांतून, आगगाडीतून आणि काही तर चक्क पायी त्या हद्दीवरून सुटली, आणि सकाळी जेथे गवताखेरीज काही नव्हते तेथे संध्याकाळी गथ्री आणि ओक्लाहोमा सिटी ही तंबूंची शहरे उभी राहिली. मुदतीपूर्वी चोरून आत शिरून मोक्याच्या जागा बळकावणाऱ्यांना ‘सूनर’ म्हणत. आज ते राज्य त्याच नावाने स्वतःला अभिमानाने मिरवते, यावरून जुन्या वहिवाटीने काय काय पवित्र होते याची कल्पना यावी. चार वर्षांनी, १८९३च्या सप्टेंबरात, चेरोकी पट्टी याच पद्धतीने खुली झाली तेव्हा धावणारांची संख्या लाखाच्या वर गेली होती.

या धावपळीत फर्बर यांनी यान्सी क्राव्हॅट नावाचा वकील आणि संपादक सोडून दिला. टेक्ससच्या स्वातंत्र्ययुद्धाचे सेनापती सॅम ह्यूस्टन यांचे पुत्र टेंपल ह्यूस्टन यांच्यावरून हे पात्र घडवले होते. यान्सी रुबाबदार आहे, वक्ता आहे, नेमबाज आहे. शर्यतीत त्याच्या मनात भरलेली जमीन डिक्सी ली नावाची बदनाम बाई चलाखीने पटकावते, तेव्हा तो विचिटा येथील कुलीन घरातल्या साब्रा या आपल्या तरुण पत्नीला घेऊन नव्या गावात येतो आणि वृत्तपत्र काढतो. गाव वसते, गुंडांचा बीमोड होतो, छापखाना चालू लागतो, आणि संसार स्थिरावला असे वाटते न वाटते तोच चेरोकी पट्टीची हाक येते व यान्सी बायकामुलांना टाकून निघून जातो. तो परत येतो, पुन्हा जातो. मागे साब्रा वृत्तपत्र चालवते, मुले वाढवते, गावाला सभ्यता लावते, आणि ही सभ्यता लावताना ज्यांची जमीन गेली त्या आदिवासींविषयीचा तिचा तिरस्कार आणि डिक्सी लीसारख्या स्त्रियांविषयीची तिची कठोरता यत्किंचितही कमी होत नाही.

फर्बर यांच्या कादंबरीचे मर्म या विपरीत मांडणीत आहे. आदिवासींवर झालेला अन्याय ज्याला दिसतो, जो कचेरीत उभा राहून त्यांच्या बाजूने बोलतो, जो बदनाम बाईचे वकीलपत्र घेतो, तोच पुरुष घरच्या कोणत्याही कर्तव्याशी दोन वर्षे सलग एकनिष्ठ राहू शकत नाही. आणि जी स्त्री प्रत्येक कर्तव्याशी एकनिष्ठ राहते, जिच्या कष्टांवर गाव, वृत्तपत्र आणि राज्य उभे राहते, तिचे मन त्या गावाच्या वेशीपलीकडे जाऊ शकत नाही. उदार माणूस बेजबाबदार आणि जबाबदार माणूस अनुदार: अमेरिकन सीमाप्रदेशाच्या गौरवगाथेला इतका खोचक आणि इतका घरगुती छेद क्वचितच कोणी दिला असेल. कादंबरी १९३० साली अमेरिकेत सर्वाधिक खपली, आणि खपली ती रंगतदार प्रणयकथा म्हणून. १९३९च्या आपल्या आत्मचरित्रात फर्बर यांनी याविषयी खेद व्यक्त केला. अमेरिकन स्त्रीत्वाच्या आणि अमेरिकन भावविवशतेच्या गौरवाऐवजी त्यांवरचे निष्ठुर टीकाचित्र आपण काढू पाहत होतो आणि वाचकांनी ते ओळखलेच नाही, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. म्हणजे पुनर्निर्मितीचा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच, पहिल्या वाचकांच्या हाती ही कथा एकदा बदलून गेली होती.

येथे दोन कथाप्रकारांचा मूळचा विरोध लक्षात घेतला पाहिजे. प्रणयकथेला घर हवे असते. दोन माणसे अनेक विघ्नांनंतर एका छपराखाली आली म्हणजे तिचे कार्य संपते. वेस्टर्नपटाला घर नको असते. त्याचा नायक घर वाचवतो आणि दारातूनच परत फिरतो, कारण तो आत जाऊन जेवायला बसला तर त्याचे नायकत्व दुसऱ्या दिवशी सकाळी संपुष्टात येईल. म्हणून बहुतेक शहाणे दिग्दर्शक वेस्टर्नपटात प्रणय चिमूटभर घालतात, किंवा विवाहापाशी पडदा पाडतात. ‘सिमरॉन’ विवाहापासून सुरू होतो आणि पुढची चाळीस वर्षे त्याच विवाहात राहतो. दोन परस्परविरोधी अपेक्षांची ही गाठ सोडवायची नसून ती पीळ पडलेल्या अवस्थेत दाखवायची, एवढेच करण्यासारखे होते. ज्याला हे साधेल त्याच्याच हाती खरा चित्रपट लागणार होता.

१९३१चा चित्रपट आर.के.ओ. या नव्या, महत्त्वाकांक्षी कंपनीने काढला. दिग्दर्शक वेस्ली रगल्स. नायक मूकपटांच्या काळापासून प्रसिद्ध असलेला रिचर्ड डिक्स. आणि नायिका आयरीन डन, जी तेव्हा पडद्यावर जवळजवळ अपरिचित होती. शर्यतीचे दृश्य टिपण्यासाठी ५ हजारांवर माणसे आणि २८ छायाचित्रकार कामास लावले होते. बोलपट येऊन उणीपुरी चार वर्षे झालेली, ध्वनिमुद्रणाच्या अडचणींमुळे कॅमेऱ्यांची हालचाल अजून जखडलेली. अशा काळात उघड्या माळावर धावणाऱ्या हजारो चाकांचे ते दृश्य पाहून प्रेक्षक थक्क झाले असल्यास नवल नाही. वृत्तपत्रांनी मुक्तकंठाने स्तुती केली. धंद्याची नाडी ओळखणारे म्हणून ज्याची ख्याती, त्या ‘व्हरायटी’ने उत्तम निर्मितीचा नमुना म्हणून चित्रपट वाखाणला आणि तो भरपूर पैसा मिळवील असे भविष्यही वर्तवले. पुढे ऑस्करच्या वेळी सर्वोत्कृष्ट चित्रपट, रूपांतर आणि कलादिग्दर्शन अशी तीन पारितोषिके त्याला मिळाली. आणि त्यानंतर १९९०च्या ‘डान्सेस विथ वुल्व्ह्ज’पर्यंत कोणत्याही वेस्टर्नपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान लाभला नाही. त्याच वर्षी निघालेल्या चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’चा पारितोषिकांच्या एकाही विभागात उल्लेखसुद्धा नव्हता, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

‘व्हरायटी’चे भविष्य मात्र खोटे ठरले. सुमारे १४ लक्ष डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाला पहिल्या प्रदर्शनात ५ लक्ष ६५ हजारांचा तोटा आला. मंदी ऐन भरात होती. नोकऱ्या गेलेल्या माणसांना दुसऱ्याच्या जमिनी मिळवण्याची दृश्ये पाहण्यास पैसे उरले नव्हते. परंतु या तोट्याने चित्रपटाच्या कीर्तीला धक्का लागला नाही. तोट्याचे कारण मंदी मानले गेले, गुणांचे श्रेय चित्रपटाला मिळाले. १९६०च्या चित्रपटाच्या वाट्याला ही सवलत आली नाही. त्याच्या तोट्याचे कारण तोच मानला गेला. एकाच प्रकारच्या पुराव्याला दोन खटल्यांत दोन निरनिराळे अर्थ लावण्याचा हा प्रकार कोणत्याही न्यायाधीशाला शोभणारा नाही.

त्या पहिल्या चित्रपटाने विवाहाचे काय केले? साब्राला त्याने प्रतिनिधिगृहाची सदस्य होऊ दिले, आणि हे मूळ कादंबरीस धरून होते. इतिहासातही ओक्लाहोमातून प्रतिनिधिगृहात गेलेली पहिली स्त्री, अ‍ॅलिस रॉबर्टसन, १९२० साली निवडून आली, आणि ती स्त्रियांच्या मताधिकाराची कडवी विरोधक होती. फर्बर यांना अभिप्रेत असलेला उपरोध वास्तवात किती सहज चालून आला होता ते यावरून दिसते. परंतु चित्रपटाला उपरोध नको होता. साब्राचा आदिवासींविषयीचा द्वेष अखेरीस विरघळून जातो, आदिवासी सुनेचा ती चारचौघांत गौरव करते, आणि वर्षानुवर्षे बेपत्ता असलेला नवरा तेलाच्या विहिरीपाशी इतरांना वाचवताना जखमी होऊन नेमका तिच्या मांडीवर प्राण सोडतो. शेवटी पुतळा उभारला जातो तो त्याचा. चाळीस वर्षे राबलेल्या बाईला सभागृहातील आसन आणि चाळीस वर्षे पळालेल्या पुरुषाला कांस्यमूर्ती, हा हिशेब कादंबरीत बोचतो. चित्रपटात त्यावर संगीत वाजते. समीक्षकांनी डन यांच्या वृद्धत्वाच्या रंगभूषेपर्यंत सगळ्याची दखल घेतली, आणि ही वाटणी मुकाट्याने मंजूर केली.

आता १९६०कडे येऊ. मेट्रोने या कथेचे हक्क १९४०च्या दशकाच्या आरंभीच आर.के.ओ.कडून विकत घेऊन ठेवले होते आणि ते इतकी वर्षे दप्तरात पडून होते. त्यांना बाहेर काढण्याची वेळ कशी आली हे समजण्यास फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. १९५६ साली फर्बर यांच्याच ‘जायंट’वरील चित्रपटाने दुसऱ्या कंपनीला अलोट पैसा दिला होता, आणि १९५९ साली खुद्द मेट्रोने १९२५च्या आपल्या मूकपटावरून ‘बेन-हर’ पुन्हा काढून सुमारे दीड कोटी डॉलरांच्या जुगारात ११ ऑस्कर आणि डबघाईस आलेल्या कंपनीचे पुनरुज्जीवन जिंकले होते. अशा यशानंतर कारभारी मंडळींना सूत्र सापडल्याचा भास होतो. जुने, गाजलेले नाव घ्यावे, त्याला रंग द्यावा, पडदा रुंद करावा, खर्च वाढवावा. म्हणजे लोक येतात. ‘सिमरॉन’ या सूत्राचे पहिले अपत्य. १९६२ साली १९२१च्या मूकपटावरून ‘फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स’ आणि १९३५च्या चित्रपटावरून ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ ही आणखी दोन निघाली. तिन्हींनी तोटा दिला.

दिग्दर्शक म्हणून अँथनी मान यांची नेमणूक झाली, आणि ती वरवर पाहता अत्यंत उचित होती. जेम्स स्टुअर्ट यांना घेऊन त्यांनी १९५०च्या ‘विंचेस्टर ’७३’पासून १९५५च्या ‘द मॅन फ्रॉम लॅरमी’पर्यंत काढलेले पाच वेस्टर्नपट या कथाप्रकारातील सर्वांत कठोर आणि सर्वांत बुद्धिमान कृतींत मोडतात. त्यांत डोंगर, नद्या, खडक ही केवळ पार्श्वभूमी नसते. माणसाच्या मनातील सूड आणि शरम त्या खडकांवरच आपटून मोकळी होतात. अशा दिग्दर्शकाला उघडे आकाश हवे असते. चित्रण अरिझोनात सुरू झाले, वादळाने खोळंबा केला, आणि निर्माते एडमंड ग्रेंजर यांनी सगळा संसार स्टुडिओच्या चार भिंतींत हलवण्याचा हुकूम काढला. मान यांनी पुढे मुलाखतींत आपला रोष लपवलेला नाही. शेवटचे काम पुरे न करताच ते बाहेर पडले आणि उरलेले चित्रण चार्ल्स वॉल्टर्स यांनी, पडद्यावर नाव न येता, उरकले. वॉल्टर्स हे संगीतिकांचे दिग्दर्शक. त्याच्या आदल्याच वर्षी ‘स्पार्टाकस’वरून मान यांना चित्रण सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत दूर करण्यात आले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या स्टुडिओंत दिग्दर्शकाची सनद किती कच्ची होती याचा अंदाज येतो.

मान यांनी चित्रित केलेली शर्यत मात्र अपूर्व आहे. गाड्या कलंडतात, घोडे एकमेकांवर आदळतात, माणसे चाकांखाली जातात. पहिल्या चित्रपटात जो उत्सव होता तो येथे अपघात होतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर यांनी या दृश्याची वाखाणणी केली, आणि ते पहिल्या अर्ध्या तासातच संपून उरलेला चित्रपट सीमाप्रदेश सुधारल्याच्या साचेबंद, भावविवश कहाणीत विरून जातो, असा दोष दाखवला. हाच अभिप्राय थोड्याफार फरकाने अनेकांनी दिला आणि आजही तोच दिला जातो.

तक्रार खरी आहे, पण तिचा रोख पाहा. समीक्षकाला आणखी शर्यत हवी आहे. शर्यत संपल्यावर संसार सुरू होतो आणि तेथे त्याला कंटाळा येतो, म्हणजे यान्सीला जो कंटाळा येतो तोच. चित्रपटाचा दोष संसार दाखवण्यात नसून संसार पुरेसा न दाखवण्यात आहे, ही शक्यता क्राउदर यांच्यासारख्या अनुभवी समीक्षकाच्याही मनात डोकावलेली दिसत नाही. आर्नल्ड शुलमन यांच्या पटकथेने काही गोष्टी पहिल्या चित्रपटाहून अधिक धैर्याने केल्या आहेत. आदिवासी मुलीला शाळेत प्रवेश नाकारला जातो आणि यान्सी तिच्या बाजूने उभा राहतो. गोऱ्या जमावाचे क्रौर्य उघडे दाखवले आहे. आणि १९३१च्या चित्रपटात कृष्णवर्णीय पोराला विदूषक बनवून जो किळसवाणा विनोद केला होता तो येथे समूळ काढून टाकला आहे. एक प्रसंग तर मला दोन्ही चित्रपटांतील सर्वोत्तम वाटतो. यान्सीला राज्यपालपद देऊ केले जाते. त्यामागे आदिवासींच्या तेलावर डोळा असलेल्यांचा पैसा आहे हे कळताच तो नकार देतो. आणि साब्रा, जिने या पदासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्याला सरळ निघून जा म्हणून सांगते. येथे क्षणभर फर्बर यांचा दंश परत येतो. त्याचा नकार नीतीने योग्य आहे आणि तिचा संतापही अन्याय्य नाही, कारण या पुरुषाची नीती आजवर नेहमी तिच्याच खर्चाने पाळली गेली आहे. मारिया शेल या प्रसंगात अभिनयाची जी धार दाखवतात ती ग्लेन फोर्ड यांच्या संयमी, काहीशा थकलेल्या यान्सीपुढे अधिकच उठून दिसते.

आणि मग चित्रपट घाबरतो. साब्राला तो प्रतिनिधिगृहात जाऊ देत नाही. वृत्तपत्र मोठे करण्यापुरते तिचे कर्तृत्व मान्य करून तिला पश्चात्तापाच्या आणि प्रतीक्षेच्या खुर्चीत बसवतो. यान्सी पहिल्या महायुद्धात दूरदेशी मारला जातो, तार येते, प्रेमपत्र येते, आणि ज्या स्त्रीने नवऱ्याला योग्य कारणासाठी घराबाहेर काढले होते तिला चूक आपलीच होती असे वाटू लागते. १९३१च्या चित्रपटाने निदान आसन तिला दिले होते. तीस वर्षांनी, स्त्रिया कारखान्यांत राबून दुसरे महायुद्ध जिंकून झाल्यावर, पडद्यावरची साब्रा एक पायरी खाली उतरली. या चित्रपटाविरुद्ध जर एकच आरोप ठेवायचा असेल तर तो हा, आणि मला आढळलेल्या कोणत्याही समकालीन अभिप्रायात तो नाही.

पुनर्निर्मिती म्हटली की तुलना आलीच, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून किती पिढ्यांनी ते उभे केले याची गणती नाही, आणि नव्या सुभद्रेने जुनीची जागा चोरली अशी फिर्याद कोणी गंभीरपणे केली नाही. दादासाहेब फाळके यांनी स्वतःच ‘हरिश्चंद्र’ १९१३नंतर १९१७ साली पुन्हा चित्रित केला. चित्रपटाला हा उदार न्याय लागू होत नाही, कारण जुना चित्रपट शिल्लक असतो असे म्हणतात. पण १९६०च्या समीक्षकाजवळ तो खरोखर कितीसा शिल्लक होता? नवी आवृत्ती काढताना जुनीच्या प्रती बाजारातून काढून घेण्याची स्टुडिओंची रीत होती, घरबसल्या मनात येईल तेव्हा जुना चित्रपट पाहण्याचे साधन नव्हते. बहुतेकांची तुलना तीस वर्षांपूर्वीच्या आठवणीशी, म्हणजे स्वतःच्या तारुण्याशी होती. त्या तुलनेत कोणताही नवा चित्रपट हरणारच.

राहता राहिली खतावणी. निर्मितीखर्च ५४ लक्ष २१ हजार डॉलर. वसुली अमेरिका व कॅनडात २३ लक्ष २५ हजार, अन्यत्र सुमारे २५ लक्ष; एकूण ४८ लक्षांच्या वर. प्रती, जाहिरात, वितरण इत्यादींचा ३० लक्षांवर गेलेला बोजा त्यात मिळवला म्हणजे तुटीचा आकडा सिद्ध होतो. हा आकडा मोठा आहे, पण तो काय सांगतो? त्याच वर्षी कुरोसावा यांच्या जपानी चित्रपटावरून ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ निघाला, तोही पुनर्निर्मितीच. त्याची अमेरिकेतील वसुली ‘सिमरॉन’हून किंचित कमीच होती, परंतु तो सुमारे २० लक्षांत तयार झाला होता आणि युरोपातील प्रेक्षकांनी त्याला उचलून धरले, म्हणून आज त्याच्या नावापुढे यश लिहिले जाते. स्वदेशी प्रेक्षकाने दोघांना सारखाच प्रतिसाद दिला; एकाचे अंदाजपत्रक ‘बेन-हर’च्या मापाने बेतले होते, दुसऱ्याचे नव्हते. तोटा हा येथे कारकुनाच्या टेबलावर, चित्रणाच्या पहिल्या दिवसाआधीच निश्चित झाला होता, आणि त्याला लोकमताचा पुरावा म्हणून पुढे करणे म्हणजे कर्जाच्या रकमेवरून पिकाची प्रत ठरवणे होय. उलट, लोकांनी ‘सिमरॉन’ला भरभरून स्वीकारले असते तरी त्याच्या शेवटातला भेकडपणा तसूभर कमी झाला नसता.

खुद्द फर्बर यांनी हा चित्रपट पाहिला तेव्हा त्या पंचाहत्तरीला आल्या होत्या. १९६३च्या आत्मचरित्रात त्यांनी केलेली फिर्याद दुहेरी आहे: या दुसऱ्या चित्रपटापोटी आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, आणि तरीही जाहिरातीत आपले नाव अशा रीतीने वापरले की जणू चित्रपट आपणच लिहिला. संवादांतील कालविपर्यास, घटनाक्रमातील गोंधळ आणि अमेरिकन वधूच्या भूमिकेसाठी परदेशी अभिनेत्रीची निवड यांवरही त्यांनी कोरडे ओढले आहेत. शेवटच्या मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत नाही. कान आणि व्हेनिस येथे गौरव पावलेल्या शेल यांच्या परकेपणामुळेच साब्रा त्या गावात एकटी वाटते. पण पहिला मुद्दा बिनतोड आहे. हक्क एकदा कायमचे विकले की लेखकाची कृती कितीही वेळा नव्याने घडवली जावो, मोबदला नाही आणि नकाराधिकारही नाही, ही त्या काळची व्यवस्था होती; आणि पुनर्निर्मितीच्या चर्चेत समीक्षक जुन्या चित्रपटाच्या हक्कांसाठी जितके हळहळतात त्याच्या दशांशही मूळ लेखकाच्या हक्कांसाठी हळहळत नाहीत.

काळाने दरम्यान आपला एक निकाल फिरवला आहे. १९३१चा ‘सिमरॉन’ आज सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळालेल्या सर्वांत दुबळ्या चित्रपटांत गणला जातो. डिक्स यांचा आवेशपूर्ण अभिनय हास्यास्पद वाटतो, वर्णद्वेषी विनोद असह्य होतो. १९६०च्या निकालाची फेरतपासणी तितक्या उत्साहाने झालेली नाही. मान यांच्या चाहत्यांनी, विशेषतः फ्रेंच समीक्षकांच्या परंपरेतील लोकांनी, त्यांचे बाकीचे वेस्टर्नपट डोक्यावर घेतले, आणि ज्यावर स्वतः दिग्दर्शकाने पाणी सोडले त्याच्या वाटेस जाण्याचे त्यांना प्रयोजन वाटले नाही. मान यांचा तो अखेरचा वेस्टर्नपट ठरला. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘एल सिड’ जगभर चालला.

माझा स्वतःचा फैसला असा: पहिला चित्रपट आपल्या काळाची पावती म्हणून जपावा, दुसरा अपुरा म्हणून पाहावा, आणि अपुरा असूनही पहिल्याच्या वरचा मानावा. वाचकाला हा फैसला तपासून पाहायचा असेल तर त्याने फर्बर यांची कादंबरी प्रथम वाचावी, मग १९६०चा चित्रपट पाहावा आणि १९३१चा सर्वांत शेवटी. आणि शर्यत संपल्यावर खुर्चीवरून उठू नये.